लॉकरमधून बाहेर या

'एलियन: आयसोलेशन' या लपतछपत खेळायच्या भयपट-छाप व्हिडिओ गेमच्या पाचव्या मिशनमध्ये, सॅन क्रिस्तोबाल नावाच्या दवाखान्यात, तुम्ही वीसएक वेळा मेलात. दहा-दहा मिनिटं लॉकरमध्ये लपून बसूनही एलियन तिथेच घुटमळतो, म्हणजे गेम चीटिंग करतो, आता सोडून देऊ का, असं विचारलंत. सोडू नका. मला याच मजल्याला तीन रात्री लागल्या होत्या आणि हा भाग जमला की पुढचा सगळा गेम वेगळाच वाटायला लागतो.

तुमचा संशय अर्धा खरा आहे. पडद्यामागे एक सूत्रधार, म्हणजे गेममधलाच एक प्रोग्रॅम, असतो आणि तुम्ही कुठे आहात हे त्याला कायम ठाऊक असतं. एलियनला मात्र ते सांगितलं जात नाही. 'त्या बाजूला बघ' एवढाच इशारा त्याला मिळतो. पुढे डोळ्यांनी-कानांनी शोधायचं त्याचं त्यालाच. हाच सूत्रधार तुमच्यावरच्या ताणाचा हिशोबही ठेवतो. एलियन बराच वेळ जवळपास राहिला, दिसत राहिला, की ताण वाढतो आणि एका मर्यादेनंतर तो एलियनला छतातल्या व्हेंटमध्ये, म्हणजे हवेच्या बोगद्यात, परत पाठवतो. 'टोटल वॉर' या युद्धाच्या गेममध्ये हजारो सैनिक लढवणाऱ्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने २०१४ साली एकाच प्राण्यावर एवढी मेहनत घेतली, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

तर एलियन व्हेंटमध्ये गेल्यावर मिळणारा वेळ तुमचा. आपण नेमका तोच लॉकरमध्ये घालवतो. 'अजून थोडं थांबू' म्हणत बसलो की तो पुन्हा खाली उतरतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू. डोक्यावर धडधड ऐकू आली म्हणजे तो वर आहे. जड पावलं ऐकू आली म्हणजे खाली. हेडफोन लावून खेळा, हा फरक स्पीकरवर नीट कळत नाही. धडधड सुरू झाली की लगेच निघा. धावू नका, वाकून चाला. आणि वरच्या व्हेंटमधून लाळ टपकताना दिसली तर त्याखालून मुळीच जाऊ नका, तो तिथेच टपून बसलेला असतो.

लपायचंच असेल तर टेबल किंवा स्ट्रेचर बघा. तो एका बाजूने आला की तुम्ही दुसऱ्या बाजूला सरकायचं, मध्ये काहीतरी आडोसा हवा. लॉकरमधून असं सरकता येत नाही. त्याने दाराशी तोंड आणलं की मागे रेलून श्वास रोखावा लागतो आणि फार वेळ रोखला तर जीव कमी होत जातो.

मोशन ट्रॅकर, म्हणजे आसपासची हालचाल ठिपक्यांनी दाखवणारं यंत्र, सारखा हातात धरू नका. एलियन जवळ असताना त्याची टिकटिक त्यालाही ऐकू येते. शिवाय स्थिर उभी असलेली गोष्ट त्यावर दिसतच नाही, त्यामुळे ठिपका नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. क्षणभर बघा, दिशा लक्षात ठेवा, खाली करा.

सेव्ह करण्याबद्दल: सेव्ह पॉइंटच्या यंत्रात कार्ड घातल्यावर त्याचे तिन्ही दिवे लागेपर्यंत तुम्ही उघड्यावर असता आणि तेवढ्यातही तो मारू शकतो. शत्रू जवळ असल्याची सूचना आली तर आधी दुसरीकडे जा. पण सेव्ह पॉइंट दिसला आणि शांतता असली तर कधीही टाळू नका. निम्मी चिडचिड वीस मिनिटांचा खेळ पुन्हा खेळावा लागतो त्याची असते.

रिव्हॉल्व्हर विसरा. एलियन त्याने मरत नाही, उलट गोळीच्या आवाजाने धावत येतो. पुढे फ्लेमथ्रोअर मिळेल, तोही फक्त हुसकावण्यापुरता. एक छोटा फवारा मारा आणि निघा. वारंवार वापरलात तर त्याची भीड चेपते आणि मग तो आगीला तितकासा बधत नाही.

आज रात्री खेळलात की या दवाखान्यातल्या डॉक्टर मॉर्लेच्या ऑफिसपर्यंत पोहोचलात का ते सांगा. अडलात तर कुठल्या खोलीत ते लिहा, तिथून पुढचा रस्ता सविस्तर सांगतो.