पहिला पाऊस, नवं घर आणि आईला न विचारलेला प्रश्न

मृगाचा पाऊस स्थिरावला, की रत्नागिरी-चिपळूणच्या बाजूने एकच काळजी वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. "मॅडम, हौसेनं गावाला घर बांधलं, मुलांना घेऊन राहायला आलो, आणि आता मूल रात्री झोपत नाही. आमचं चुकलं का?" घरून काम करणं जमू लागल्यापासून अशी तरुण जोडपी जास्त येतात. त्यांतल्या एकाबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

डोंबिवलीहून आलेलं कुटुंब. साडेचार वर्षांचा मुलगा, आठ महिन्यांची मुलगी. चिऱ्याचं नवं घर, वर कौलं, मागच्या पडवीवर पत्रा. मुलगा रात्री किंचाळून उठायचा, दिवसाही एकटा न्हाणीघरात जायचा नाही. बाबा म्हणाले, "होईल सवय. मी याच वाडीत वाढलो." आई गप्प होती.

मुलाच्या भीतीची तक्रार आली, की मी आधी आईबाबांकडे बघते. 1985 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. वर्षभराच्या बाळांना एका मोठ्या काचेवर ठेवलं होतं. अर्ध्या भागात काचेखाली एका पायरीएवढा खोलगट भाग दिसायचा आणि पलीकडे आई उभी असायची. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा 19 पैकी 14 बाळं ओलांडून आली. भ्यालेला चेहरा ठेवला तेव्हा 17 पैकी एकही आलं नाही. अनोळखी जागा मूल आईच्या चेहऱ्यावरून ओळखतं.

म्हणून मुलाला खडू-कागद दिले आणि त्याच्या आईला विचारलं, "रात्री खट्ट झालं की तुम्ही काय करता?"

"लाइट लावते. दोघांच्या पांघरुणात हात घालून बघते. मग कोपरे."

"रोज?"

"रोज. बांधकामाच्या वेळी गड्यांनी इथंच फुरसं मारलं होतं."

ही भीती खोटी नव्हे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप कोकणात आहेत, लाल विंचूही आहे. "काही होत नाही" एवढ्या बोलण्यावर ती जाणार नाही, आणि जाऊही नये. ज्या भीतीवर हातपाय हलवून काही करता येतं, तिच्यासाठी आधी ते करावं. उरेल तिच्याशी नंतर बोलावं.

नव्या घराचा मोठा धोका बहुधा बांधकामानंतर उरलेल्या सामानात असतो. भिंतीलगतचे चिरे, फुटकी कौलं, सेंट्रिंगच्या फळ्या, त्यात भर म्हणून नारळाची सोडणं. विंचू-फुरश्यांना याहून चांगली जागा नाही. हा ढीग घरापासून निदान वीस-पंचवीस फूट लांब हलवायचा. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, सांडपाण्याच्या पाइपांच्या तोंडांना बारीक जाळी. भात आणि कोंबड्यांचं खाद्य झाकणाच्या पिंपात, कारण उंदरामागे साप येतो. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावतो, म्हणून झोपणं खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचून. चप्पल, बूट झटकूनच घालायचे. विजेरी एकाच खुंटीवर, मुलाचाही हात पोहोचेल अशी. साप चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही. अंगठी-बांगड्या काढायच्या, हात-पाय हलू द्यायचा नाही, 108 ला फोन करायचा. सापाच्या विषावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कोणत्या रुग्णालयात असतं, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवायचं. विंचू चावल्यावर दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मंत्र-पाल्यात वेळ घालवायचा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980च्या दशकात प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशाचे मृत्यू खूप कमी झाले, पण त्यासाठी माणूस वेळेत पोहोचायला हवा.

बाबांनी यातलं बरंच केलं. तरी पुढच्या भेटीत ती तशीच, जागून सुजलेल्या डोळ्यांची. आता पांघरुणाऐवजी भिंतींबद्दल बोलत होती. ओल आलीय, कपाटात बुरशी आलीय, बाळाला खोकला होणार. त्यालाही उत्तर होतं. नवं प्लास्टर पहिल्या पावसात सुकत नाही आणि पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर झोडपतो, तेव्हा पाळणा आतल्या भिंतीकडे, कपाटं चार इंच पुढे, रंग दिवाळीनंतर. पण एकेका काळजीला उत्तर देत राहिलो असतो तर पाऊस संपला असता. मी विचारलं, "हे घर बांधायचं ठरलं, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. नकाशा घेऊनच आला हा."

"तू नाही म्हणाली नव्हतीस," तो म्हणाला.

"हो पण म्हणाले नव्हते रे. नोकरी सोडून आले. आता काही बिघडलं, की वाटतं, बघ, मला माहीत होतं."

खोलीत कुणी बोललं नाही. मुलाचा खडूही थांबला. माझ्या दृष्टीने गाठ तिथे सुटली. फुरसं, ओल, बुरशी हे सगळं खरं होतं, पण त्या प्रत्येकात ती न दिलेल्या नकाराची साक्ष शोधत होती. अशी साक्ष शोधणारं मन रात्री झोपत नाही, आणि त्याच्या कुशीतलं मूलही नाही. घर बांधताना बायकोला ओट्याची उंची विचारतात. राहायला यायचं का, हे विचारायचं राहून जातं. ही चूक मी सुशिक्षित, प्रेमळ घरांतच जास्त पाहिली आहे.

मी नवऱ्याला तो प्रश्न तिथेच, उशिरा का होईना, विचारायला लावला. तिनं मागितलं ते साधं होतं. पुढचा पावसाळा संपेपर्यंत राहू, मग दोघं मिळून ठरवू. आणि शिल्लक पैसे कुठे लावायचे ते मी ठरवणार. त्याच्या मनात कंपाउंडचं गेट होतं. तिनं आधी विहिरीवर कुलपाची लोखंडी जाळी बसवून घेतली. अडीच फुटी कठड्यावर साडेचार वर्षांचं पोर सहज चढतं, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मुलासाठी एकच उद्योग दिला होता. रात्री ऐकलेला आवाज सकाळी आईचा हात धरून शोधायचा आणि चित्र काढून भिंतीवर लावायचं. पत्र्यावर धप्प म्हणजे पोफळीची झावळ. कौलांवर खुडबुड म्हणजे उदमांजर. चार-पाच चित्रं लागली तशी आईही न दचकता म्हणू लागली, "झावळच असेल." तिचा आवाज निवला तसा तो झोपू लागला. अंगणवाडीतले दोन सवंगडी घरी यायला लागल्यावर बाकीचं झालं.

बहुतेक मुलं काही आठवड्यांत रुळतात. महिना-दीड महिन्यानंतरही झोप, खाणं, बोलणं मागेच जात असेल, तर मुलाला तज्ज्ञाला दाखवा. आणि अंगावर पिणारं बाळ असलेली आई, बाळ झोपलेलं असतानाही झोपू शकत नसेल, सतत रडत असेल, जगणं नको म्हणत असेल, तर तो घर बदलल्याचा त्रास समजून थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येतं. त्याच दिवशी फोन करा.