बोअरचं पाणी आणि कागदी पट्ट्या: कुठल्या पट्टीवर किती भरवसा ठेवायचा

तुमचा प्रश्न असा: गावी बोअरचं पाणी पितात, घरात सहा महिन्यांचं बाळ आहे. टीडीएस मीटर ३०० दाखवतो, म्हणजे पाणी चांगलं ना? आणि ऑनलाइन मिळणारी 'सोळा चाचण्या एका पट्टीत' घ्यावी का?

मी तालुक्याच्या पाणी प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, त्या जोरावर सांगतो.

टीडीएस मीटर आधी बाजूला ठेवा. तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. बोअरमध्ये शेजारच्या शोषखड्ड्याचं थोडं पाणी झिरपलं तर तुमचा ३०० कदाचित ३०५ होईल. पण जंतू किती आले, ते त्याला कळत नाही.

सोळा चौकोनांची पट्टी घेण्याआधी डबीवरचा रंगतक्ता वाचा. पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. तक्त्यात शून्यानंतरची पहिलीच पायरी याच्या कितीतरी वर असेल, तर तो चौकोन शोभेचा. क्षारता, जडपणा, क्लोरीन याला पट्टी बरी.

बाळ आहे म्हणून नायट्रेटचा चौकोन मात्र नीट बघा. इथे भलेभले फसतात. आपल्या मानकाप्रमाणे नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. काही पट्ट्या मात्र नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन मोजतात, आणि त्या मापात हीच मर्यादा साधारण १० होते. पट्टीवर १० दिसलं, ४५ च्या खूप खाली आहे म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि पाणी असतं अगदी काठावर. पावडरचं दूध त्या पाण्यात कालवत असाल तर लगेच थांबवा. उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं.

आता खरी कामाची गोष्ट. माझं मत विचाराल तर पहिले पैसे एच-टू-एसच्या बाटलीवर, म्हणजे पाण्यात विष्ठेचे जंतू आलेत का ते सांगणाऱ्या चाचणीवर घाला. हीसुद्धा कागदाचीच चाचणी, आणि आपल्याच देशातली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती १९८२ साली मांडली. टिपकागदाची घडी पेप्टोन, लोहाचा क्षार आणि थायोसल्फेट असलेल्या द्रावणात भिजवून वाळवतात आणि निर्जंतुक बाटलीत ठेवतात. आपण खुणेपर्यंत, बहुतेक २० मिली, पाणी भरायचं आणि बाटली उबेत ठेवायची. विष्ठेसोबत येणारे बरेच जंतू गंधकाचा वायू सोडतात, तो लोहाला भिडला की कागद काळा पडतो. ३० ते ३७ अंशांत १२ ते १८ तासांत निकाल कळतो. थंडीत दोन दिवस वाट बघा.

गंमत अशी की ज्याच्या नावाने सगळे घाबरतात तो ई. कोलाय स्वतः हा वायू सोडत नाही. त्याच्या जोडीने आतड्यातून येणारे दुसरे जंतू चुगली करतात. त्यामुळे काळी बाटली म्हणजे पक्का संशय, पण न बदललेली बाटली म्हणजे सर्टिफिकेट नव्हे.

काळी बाटलीही कधीकधी चकवते. एका वस्तीवर मी बाटली भरली आणि पाच मिनिटांत कोळसा! मी लगेच बोअर बंद करायला सांगितलं. बायाबापड्या आठवडाभर लांबच्या विहिरीवरून हंडे वाहत होत्या. नंतर लक्षात आलं, त्या बोअरला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास होता. गंधक पाण्यातच होता, जंतूंना वेळ तरी कुठे मिळाला होता? तेव्हापासून मी आधी पाणी हुंगतो. भरताक्षणी काळं झालं तर तो निकाल धरत नाही, नमुना प्रयोगशाळेत पाठवतो.

एक बाटली थेट बोअरच्या नळाची आणि एक माठातली, अशा दोन भरा. बोअर स्वच्छ आणि माठ काळा, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी ओगराळं आहे का तेच विचारतो. नळाचं तोंड ज्योतीने शेकून, पाणी थोडं वाहू देऊन मग भरा. बाटलीच्या आत बोट नको.

फ्लोराइडचं थोडक्यात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडचे असाल तर ते तपासाच, पण तुरटी फिरवलेल्या पाण्यात नको. तुरटीतलं ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवतं आणि पट्टी कमी दाखवते.

पट्टी काहीही सांगो, बाळासाठी एकदा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. जलजीवन मिशनमध्ये दर गावी पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलं होतं. तुमच्या गावच्या कोण आहेत ते ग्रामपंचायतीत विचारा. पट्ट्यांची डबी मात्र आपली आपण सांभाळायची. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की चौकोन डबीतच रंग बदलतात.

आणि काळी झालेली बाटली तशीच उकिरड्यावर टाकू नका. आत जंतू वाढवलेले असतात. ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतून अर्धा तास ठेवा, मग फेका.