आख्खं वाक्य वाच

अनेक आशीर्वाद.

लिंकनचं १८५८ सालचं भाषण वाचून तुझं मन विटलं, हे पत्रावरून कळलं. इलिनॉय राज्यातल्या चार्ल्सटनच्या निवडणुकीच्या वादसभेत हाच माणूस म्हणाला होता, की काळ्या-गोऱ्यांची सामाजिक आणि राजकीय समानता मला नको आहे. मग पाच वर्षांनी गेटिसबर्गला, सैनिकांच्या दफनभूमीच्या समारंभात, समानतेचं नाव घेणारा खरा की हा खरा, आणि वक्तृत्व स्पर्धेत मी हे कोणत्या तोंडानं बोलू, असं तू विचारतेस. विषय बदलायचं म्हणतेस. बदलू नकोस. ते १८५८चं बोलणं खरं आहे, त्यावर पांघरूणही घालू नकोस. पण गेटिसबर्गचं शेवटचं वाक्य तू अजून आख्खं वाचलेलं नाहीस, कारण तुला ते कुणी आख्खं दिलेलंच नाही.

'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी' हे आपल्याकडे लोकशाहीची व्याख्या म्हणून पाठ होतं आणि परीक्षेत उतरवलं जातं. अगं, व्याख्या कसली? एका लांबलचक वाक्याचं ते शेपूट आहे. भाषण जेमतेम २७० शब्दांचं, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा हे एकच वाक्य. ते सुरू होतं उरलेल्या कामापासून: जिवंत राहिलेल्या आपण त्या कामाला वाहून घ्यायचं आहे. मग निर्धार येतो, की मेलेल्यांचं मरण वाया जाऊ द्यायचं नाही, या देशात स्वातंत्र्य नव्यानं जन्माला यावं, आणि सगळ्यात शेवटी, असं लोकांचं सरकार पृथ्वीवरून नाहीसं होऊ नये. व्याख्या पाठ केली की सुटका होते. हे वाक्य आख्खं वाचलं की होत नाही.

आणि काम खरोखरच उरलं होतं. भाषणाचा दिवस १९ नोव्हेंबर १८६३. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध चालू होतं. जुलैत गेटिसबर्गला झालेल्या तीन दिवसांच्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास सैनिक मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. शेतांत घाईघाईनं पुरलेली उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या बाजूच्या, सैनिकांची प्रेतं उकरून नव्या दफनभूमीत आणायचं काम ऑक्टोबरअखेरीस सुरू झालं, ते मार्च १८६४ पर्यंत चाललं. लिंकन बोलायला उभा राहिला तेव्हा बऱ्याच कबरी अजून भरायच्या होत्या. प्रेतं उकरणाऱ्या मजुरांच्या टोळीचा मुकादम होता बेसिल बिग्ज, गेटिसबर्गमधलाच एक काळा माणूस. त्याच उन्हाळ्यात गुलामगिरी टिकवू पाहणारं दक्षिणेचं सैन्य पेनसिल्व्हेनियात, म्हणजे गेटिसबर्गच्या राज्यात, शिरलं तेव्हा स्वतंत्र काळ्या माणसांनाही धरून गुलामीत नेत होतं. गावातली कितीतरी काळी कुटुंबं घरदार टाकून पळाली होती. पुढे त्या गावचे जे काळे सैनिक युद्धातून परतले, त्यांतल्या बहुतेकांना मरणानंतर वेगळ्या दफनभूमीत पुरलं. तुझ्या भाषणात लिंकनच्या उंच टोपीचं वर्णन एक वेळ नसलं तरी चालेल, बिग्ज हवा.

लिंकनकडेही याच नजरेनं बघ. ११ एप्रिल १८६५च्या त्याच्या शेवटच्या भाषणात तो म्हणाला, की निदान फार बुद्धिमान आणि सैन्यात लढलेल्या काळ्यांना मताधिकार असावा. एवढंच? हो, एवढंच, आणि तेही मला पुरेसं वाटत नाही. पण १८५८ पासून तो इथवर आला होता. ऐकणाऱ्यांत जॉन विल्क्स बूथ हा दक्षिणेच्या बाजूचा नट होता. तीन दिवसांनी त्यानं लिंकनला गोळी घातली. हे सगळं सांग. श्रोत्यांना झेपणार नाही, असं गृहीत धरू नकोस.

मी वर्गात ते वाक्य फळ्यावर आख्खं लिहायचे. पोर्शन मागे पडतो म्हणून पालक तक्रार करायचे, वरून समज मिळायची. एकाही सहकाऱ्याला हे पटवता आलं नाही, याची खंत निवृत्तीनंतरही गेलेली नाही. तरी हट्ट सोडला नाही, आणि बरोबरच केलं. व्याख्या कुठल्याही गाइडात मिळते. त्यासाठी मी फळ्यापाशी कशाला उभी राहायला हवी होते?

एक आपल्या घरचं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त करायला ते झटले म्हणून. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा आणि शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावं, असंही तिथेच म्हटलं. तिकडचं कौतुक केलं आणि त्याच दमात इकडचं काम दाखवलं. गेटिसबर्गचं भाषण त्यांनी वाचलं होतं, असं मी म्हणत नाही. पण परक्या देशाचा इतिहास असाच वाचायचा असतो. तुझ्या त्या परीक्षकांना हे ऐकव.

आणि हो, हेडमास्तरांना लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र भाषणात घुसडू नकोस. ते लिंकनचं असल्याचा काही पुरावा नाही, टाळ्या मिळत असल्या तरी.

पाच मिनिटं असतात ना? शेवटचं वाक्य आधी सगळं, न तोडता म्हण. मग बिग्ज, मग १८५८, मग १८६५. घड्याळ लावून म्हणून बघ, आणि मसुदा रविवारपर्यंत मला पाठव. वाक्य अर्धवट ठेवलेलं दिसलं तर मी तो तसाच परत पाठवीन.