नुसतं विचारलं तरी बदलणारी डिक्शनरी

प्रश्न : पायथॉनमधे मी स्वतःचा एक डिक्शनरी क्लास (नावाने, म्हणजे कीने, व्हॅल्यू शोधायची रचना) लिहिलाय, म्युटेबलमॅपिंग या पायथॉनच्या तयार पायाभूत क्लासवरून. मागितलेली की नसली तर तो फॅक्टरी (डिफॉल्ट व्हॅल्यू बनवून देणारं फंक्शन) चालवतो, नवी रिकामी लिस्ट आत ठेवतो आणि तीच परत देतो. सहा टेस्ट आहेत, सगळ्या पास होतात. पण या डिक्शनरीवरून जो रिपोर्ट निघतो त्यात कुणीच न भरलेली नावं येतायत, समोर काही नाही, नुसतीच नावं. मी तर आधी 'इन' लावून नाव आहे का ते बघतो आणि मगच पुढे जातो, तरी येतात. सोबतचा एक जण म्हणतो डिफॉल्टडिक्ट, म्हणजे नसलेल्या कीला डिफॉल्ट देणारी पायथॉनचीच डिक्शनरी, तयार असताना हे लिहिलंसच कशाला आणि याची टेस्ट तरी कसली करायची. खरंच, यात टेस्ट करायचं असतं ते नेमकं काय?

उत्तर : आधी बग सांगतो, कारण तो तुमच्या प्रश्नातच दिसतोय. म्युटेबलमॅपिंग तुमच्याकडून फक्त पाच मेथड मागतं: वाचणं, लिहिणं, पुसणं, फिरणं आणि मोजणं. बाकी सगळं ते फुकट देतं, पण फुकट मिळालेलं 'इन' आतून काय करतं ते एकदा बघा: ते तुमचीच वाचायची मेथड बोलवतं, 'की एरर' (की सापडली नाही ही एरर) आली तर 'नाही' म्हणतं आणि नाही आली तर 'आहे' म्हणतं. तुमचा क्लास 'की एरर' कधी देतच नाही, म्हणजे तुमचं 'इन' कायम 'आहे' म्हणणार, आणि वर वाचायला गेल्यामुळे ते नाव आत जाऊन बसणार. तुम्ही 'हे नाव आहे का' विचारताय आणि तेवढ्यानेच ते नाव तयार होतंय. गेट मेथडचं तेच, तिला दिलेला डिफॉल्ट कधीच वापरला जाणार नाही. सेटडिफॉल्ट आणि पॉप हेही त्याच रस्त्याने जातात, म्हणजे पॉप नसलेली की आधी बनवेल आणि मग काढून देईल.

दुरुस्ती सोपी आहे. म्युटेबलमॅपिंग सोडा, सरळ डिक्ट या पायथॉनच्या मूळ डिक्शनरीवरून क्लास काढा आणि फक्त डंडर मिसिंग (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेली 'मिसिंग' मेथड) लिहा. डिक्टमधे चौकोनी कंसाने वाचलं आणि की सापडली नाही तरच मिसिंग बोलावलं जातं, 'इन' आणि गेट त्याच्या वाटेला जात नाहीत. हा हूक (वेळ आली की आपोआप बोलावली जाणारी ही मेथड) आणि डिफॉल्टडिक्ट दोन्ही २००६ साली पायथॉन २.५ मधे आले, आणि डिफॉल्टडिक्टसुद्धा आतून याच हूकवर चालतो. आता तुमच्या सोबतच्याबद्दल. रिकामी लिस्टच द्यायची असेल तर त्याचं बरोबर आहे, तयार डिफॉल्टडिक्ट वापरा आणि त्याच्या टेस्ट लिहायच्या भानगडीत पडू नका, त्या पायथॉनवाल्यांनी लिहिल्यात. पण डिफॉल्टडिक्टच्या फॅक्टरीला एकही आर्ग्युमेंट मिळत नाही, कोणती की मागितली हे तिला कळतच नाही, त्यामुळे की बघून डिफॉल्ट ठरवायचा असेल तर स्वतःचं मिसिंग लिहावं लागतं आणि ते एकदा लिहिलं की टेस्ट ही तुमची जबाबदारी.

आता टेस्टकडे येतो, आणि इथे मला मनापासून सांगायचंय कारण बहुतेक जण एकाच ठिकाणी थांबतात. डिक्शनरी बनवली, 'निळा' मागितला, रिकामी लिस्ट आली, असर्टइक्वलने (दोन व्हॅल्यू सारख्या आहेत का ते बघणारी मेथड) तपासलं, पास, झालं. ही टेस्ट चुकीची नाहीये, पण परत काय आलं एवढंच ती बघते. डिफॉल्ट देणाऱ्या डिक्शनरीत खरा प्रश्न असतो तो मागितल्यानंतर डिक्शनरीचं काय झालं हा! म्हणून प्रत्येक वाचण्याच्या पुढच्याच ओळीत लांबी तपासा. 'निळा' कंसाने मागितला, लांबी एक व्हायला हवी आणि आत फक्त 'निळा' हवा. दुसऱ्या टेस्टमधे अगदी कोरी डिक्शनरी घ्या, 'निळा' आहे का ते 'इन'ने विचारा, गेटने मागा, गेटकडून नन ('काहीच नाही' ही पायथॉनची व्हॅल्यू) यायला हवं, आणि शेवटी लांबी शून्यच राहायला हवी. तुमच्या सहा टेस्टमधे ही एक ओळ असती तर बग रिपोर्टपर्यंत पोचलाच नसता.

आणि यात क्रम फार महत्त्वाचा आहे. एकाच टेस्टमधे आधी कंसाने वाचलं आणि मग 'इन' तपासलं तर उत्तर 'आहे' येणारच, क्लास बरोबर असो की चूक, म्हणजे टेस्टनेच ज्याची परीक्षा घ्यायची त्याला बदलून ठेवलं. त्यामुळे सेटअपमधे, म्हणजे प्रत्येक टेस्टआधी चालणाऱ्या मेथडमधे, दर वेळी नवीन डिक्शनरी बनवा, सगळ्या टेस्टना मिळून एक कॉमन ठेवू नका, नाहीतर एका टेस्टने वाचलेली की दुसरीत सापडते आणि टेस्टचा क्रम बदलला की निकाल बदलतो.

पुढची गोष्ट, लिस्ट खरंच नवी आहे का. 'निळा'च्या लिस्टमधे पाच टाका, परत 'निळा' मागा, पाच दिसायला हवा. मग 'लाल' मागा, तो रिकामा हवा. असर्टइज आणि असर्टइजनॉट हे दोन याच्यासाठीच आहेत: 'निळा' दोनदा मागितला तर वस्तू तीच, 'निळा' आणि 'लाल' या वस्तू वेगळ्या. हे शून्य डिफॉल्ट घेऊन तपासता येत नाही कारण आकडा जागच्या जागी बदलतच नाही, चुकून एकच वस्तू सगळ्यांना वाटली तरी टेस्ट हिरवीच दिसेल. म्हणून टेस्टमधे लिस्टच घ्या.

फॅक्टरी किती वेळा चालली हे बघायला मॉक, म्हणजे किती वेळा बोलावलं ते मोजणारं नकली फंक्शन, वापरतात आणि तिथे मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवलीय. मी मॉकच्या रिटर्न व्हॅल्यूमधे रिकामी लिस्ट दिली होती, 'निळा' आणि 'लाल' दोन्हीकडे तीच लिस्ट येत होती आणि मी क्लासमधे बग शोधत बसलो, क्लास अगदी बरोबर होता. रिटर्न व्हॅल्यू म्हणजे एकच वस्तू, दर वेळी तीच परत येते. नवी हवी असेल तर साईड इफेक्टमधे लिस्ट हा टाईपच द्यायचा, मग प्रत्येक कॉलला ताजी लिस्ट बनते. आणि मग तपासा: एकच की दोनदा मागितली तरी फॅक्टरी एकदाच चालली, आणि गेट नि 'इन' वापरल्यावर एकदाही नाही.

एक टेस्ट मात्र मला अजिबात सोडू देववत नाही. 'निळा'ला शून्य द्या, मग नन द्या, मग फॉल्स, रिकामी स्ट्रिंग, आणि दर वेळी वाचल्यावर तेच परत येतं का आणि फॅक्टरी शांत बसली का ते बघा. कारण बरेच जण आतमधे 'व्हॅल्यू नसेल तर डिफॉल्ट दे' असं लिहिताना की नाहीये आणि व्हॅल्यू रिकामी आहे यात गल्लत करतात, आणि मग कुणीतरी मुद्दाम भरलेला शून्य गुपचूप पुसला जातो. हे डेटा हरवणं आहे आणि कुठेही एरर येत नाही.

राहिलं ते पटकन सांगतो. फॅक्टरीतच एरर आली तर ती तशीच्या तशी बाहेर यायला हवी आणि की आत राहायला नको, असर्टरेजेसच्या (एरर आलीच का ते बघणाऱ्या) ब्लॉकनंतर लांबी पुन्हा बघा. डिक्टवरून काढलेल्या क्लासची कॉपी मेथड साधा डिक्ट परत देते, तुमचा क्लास नाही, डिफॉल्टडिक्टने ती स्वतः पुन्हा लिहिलीय म्हणून तिथे फॅक्टरी टिकते. आणि हे असर्टइक्वलला कळणार नाही कारण बरोबरी फक्त आतला माल बघते, फॅक्टरी बघत नाही. कॉपी करून त्या कॉपीकडे नसलेली की मागा, तीच खरी टेस्ट.

प्रश्न : डिफॉल्टडिक्टवर लूप चालू असताना मधेच रनटाईम एरर येते, साईझ बदलली म्हणून. मी तर लूपमधे काहीच लिहीत नाहीये, फक्त वाचतोय.

उत्तर : फक्त वाचताय तेच कारण आहे. लूपमधे कुठेतरी नसलेली की कंसाने मागितली जातेय आणि ती आत जातेय. तिथे गेट वापरा. मोजायचंच काम असेल तर काउंटर बघा, तो त्याच कलेक्शन्स मॉड्यूलमधे आहे आणि नसलेल्या कीला शून्य देतो पण ती आत ठेवत नाही. एकाच मॉड्यूलमधले दोन टाईप, दोघांची वागणूक उलटी.

प्रश्न : डिफॉल्टडिक्ट दुसऱ्या प्रोसेसला पाठवताना पिकल (वस्तू बाइट्समधे साठवून परत उघडणारं पायथॉनचं मॉड्यूल) अडतं. फॅक्टरी म्हणून लॅम्डा, म्हणजे एका ओळीतलं बिननावाचं फंक्शन, दिलाय. टेस्ट सगळ्या पास होत्या.

उत्तर : पिकल फंक्शनचा कोड साठवत नाही, नाव साठवतं आणि पलीकडे त्या नावाने शोधतं. लॅम्डाला असं शोधता येण्यासारखं नाव नसतं. लिस्ट किंवा इंट दिला तर अडत नाही, किंवा मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर नाव देऊन साधं फंक्शन लिहा. टेस्टमधे पिकल करा, परत उघडा आणि मग नसलेली की मागून बघा, नुसता आतला डेटा सारखा आला यावर समाधान मानू नका.

प्रश्न : आमची टीम दोन-तीन भाषांमधे काम करते. या टेस्ट जशाच्या तशा तिकडे नेता येतील का?

उत्तर : टेस्टचे प्रश्न नेता येतील, अपेक्षित उत्तरं नाही. सी प्लस प्लसच्या मॅपमधे कंसाने वाचलं तर की आत जाते, पायथॉनच्या डिफॉल्टडिक्टसारखीच, आणि आत जायला नको असेल तर अ‍ॅट वापरायचं, ते एक्सेप्शन देतं. गो मधे मॅपला नसलेली की मागितली तर शून्य व्हॅल्यू येते आणि मॅप तसाच राहतो, खरंच होती का हे दुसऱ्या ओके व्हॅल्यूवरून कळतं. सगळ्यात जपून रुबीत. तिथे हॅश बनवताना डिफॉल्ट म्हणून रिकामा अ‍ॅरे दिला तर तो एकच अ‍ॅरे सगळ्या नसलेल्या कीजना मिळतो आणि आत काही साठवलंही जात नाही, म्हणजे 'निळा'मधे पाच ढकलला तर हॅशची लांबी शून्यच आणि 'लाल' मागितला तरी पाच दिसतो. ब्लॉक देऊन त्यात हॅशमधे नवा अ‍ॅरे साठवायला सांगितलं तर ठीक चालतं. वर सांगितलेल्या निळा-लाल टेस्टने हे पहिल्याच रनमधे पकडलं जातं, त्यामुळे तिकडे गेल्यावर सगळ्यात आधी तीच लिहा.