नुसती सही करू की विचारू?

प्रश्न : ताई, मी कोपरखैरण्यात राहते, मुलगी सरकारी शाळेत चौथीला आहे. जूनमध्ये सरांचा फोन आला, शाळेच्या समितीत तुमचं नाव टाकू का, मी हो म्हटलं. आता दर महिन्याला शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो, इथे सही करा म्हणतो आणि जातो. मीटिंग कधी झाली काही कळत नाही, आणि ठेवली तरी सकाळी अकराला, तेव्हा मी दोन घरी पोळ्या करत असते, मिस्टर पहाटेच मार्केटला माथाडीकामाला गेलेले असतात, खाडा करणं परवडत नाही. मुलींच्या टॉयलेटला कडी नाही, पाण्याची टाकी कधी धुतली देव जाणे. बोलले तर पोरीवर राग काढतील का?

उत्तर : आधी एक करा, पुढच्या वेळी रजिस्टर आलं की वाचल्याशिवाय सही करू नका. शिपाई घाईत असेल तर असू दे, त्याला चहा द्या आणि तोवर पान वाचा. मी स्वतः मुलाच्या शाळेत दीड वर्ष डोळे झाकून सह्या केल्यात, एकदा सहज मागची पानं उलटली तर रंगकामाचा खर्च "सर्वानुमते मंजूर", त्याखाली माझी सही, आणि भिंती होत्या तशाच पोपडे आलेल्या. बोलणार कोणाला, सही तर माझीच ना!

तुमची समिती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातली. त्यात किमान पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका असाव्याच लागतात, म्हणजे तुम्ही तिथे कोणाच्या मेहेरबानीने नाही आहात. मात्र पालक सदस्य पालकसभेत पालकांनीच निवडायचे असतात, फोनवर नाव टाकलं हे काही बरोबर झालं नाही. अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सचिव. काम काय, तर शाळा कशी चाललीय ते बघणं, आलेला पैसा कुठे गेला ते बघणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं. कडी आणि टाकी या आराखड्यात लिहून घ्या. पैसे नाहीत असं सांगतील, तेव्हा समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या शाळा अनुदानाचं विचारा. १०१ ते २५० मुलं असतील तर वर्षाला ५० हजार, २५१ ते १००० असतील तर ७५ हजार अशी त्याची रचना आहे आणि त्यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचा असतो. कडीला असे किती लागतात हो?

आता भीतीचं. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून एकटीने जाऊच नका. वर्गातल्या अजून तीन-चार आया गाठा, गेटवर पोरं सोडायला येतात तिथेच, आणि विषय समितीच्या मीटिंगमध्ये मांडून इतिवृत्तात लिहायला लावा. मग ती तक्रार "अमक्याची आई कटकट करते" अशी राहत नाही, समितीचा ठराव होतो, आणि खरं सांगू का, पुष्कळ मुख्याध्यापकांना असा ठराव हवाच असतो कारण वरच्या ऑफिसात त्यांचं एकट्याचं कोण ऐकतंय. तरी हललं नाहीच तर स्थानिक प्राधिकरणाकडे, तुमच्याकडे म्हणजे महापालिकेकडे, लेखी तक्रार द्या, त्यावर ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असं कायद्यातच आहे. पोच घ्यायला विसरू नका.

मीटिंगची वेळ पण ठरावानेच बदलून घ्या. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ठेवा म्हणा, कामाला जाणाऱ्या बायकांना तेवढंच जमतं.

प्रश्न : आमचा मुलगा ठाण्यात खासगी विनाअनुदानित शाळेत आहे. तिथे ही समिती का नाही? फी वाढली की आम्हाला सर्क्युलर आल्यावरच कळतं.

उत्तर : विनाअनुदानित शाळांना ही समिती लागूच नाही. तुमच्यासाठी २०११ चा फी नियमनाचा कायदा आहे, त्यात पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते, त्यातले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव शाळेने वर्ष सुरू व्हायच्या किमान ६ महिने आधी या समितीपुढे ठेवायला हवा. तेव्हा जूनमध्ये सर्क्युलर बघून ओरडण्यापेक्षा डिसेंबरच्या आत समितीतले पालक कोण ते शोधा आणि चिठ्ठ्या कधी टाकल्या होत्या ते पण विचारा.