हॉलला बेज की ऑफ-व्हाइट? आधी उजेड आणि फरशी बघा

हॉल उत्तरेला, बेडरूम पश्चिमेला, खाली सगळीकडे क्रीम व्हिट्रिफाइड टाइल्स, आणि दोन्हीकडे एकच बेज मारायचा का असं विचारलंय तुम्ही. मी तरी एकच नाही मारणार. हॉलला ऑफ-व्हाइट द्या, पण सायीसारखा, किंचित पिवळ्याकडे जाणारा. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो, त्यात राखाडी झाकेचा पांढरा दवाखान्यासारखा थंड वाटतो आणि बेज मातकट होऊन खोली अजून अंधारी दिसते.

बेजच्या बाबतीत आम्ही फसलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. शेडकार्डवर मस्त बिस्किट कलर वाटला होता, भिंतीवर दोन हात झाले आणि टाइल्सशेजारी तो चक्क गुलाबी दिसायला लागला, परत सगळा खर्च. बेज हा एक रंग नसतोच हो, कुठला पिवळ्याकडे झुकतो, कुठला गुलाबीकडे, कुठला हिरव्याकडे, आणि नुसतं कार्ड बघून ते कळत नाही. कार्डाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवा, झाक लगेच उघडी पडते, मग तेच कार्ड टाइलवर आडवं ठेवून बघा.

दुकानात एलआरव्ही पण विचारा. म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा, ० म्हणजे काळा आणि १०० म्हणजे पांढरा. ऑफ-व्हाइट साधारण ७५ च्या वर असतात, बेज बरेचसे ५५ ते ७० मध्ये. हॉलला ७५ च्या खाली जाऊ नका.

बेडरूमला बेज चालेल, फक्त पीचकडे जाणारा नको, संध्याकाळच्या उन्हात नारिंगी दिसेल. थोडा राखाडीकडचा घ्या.

आणि हो, दिवे कुठले लावणार ते आधी ठरवा, ३००० केल्विनच्या पिवळ्या एलईडीत क्रीम जास्तच पिवळं दिसतं आणि ६५०० च्या पांढऱ्यात बेजची ऊब जाते, मी ४००० च्या आसपासचे लावले.

सॅम्पल जुन्या रंगावर मारू नका, प्रायमरवर दोन बाय दोन फुटांचा पॅच, दोन हात, पूर्ण वाळल्यावर सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. पेंटर घाई करेल, तरी दोन दिवस थांबायला सांगा. शेडचा कोड लिहून ठेवा आणि टचअपसाठी त्याच बॅचचा अर्धा लिटर बाजूला काढा.