डॅटसन बंद झाली, गाडी मात्र दारात आहे

गेल्या महिन्यात छोट्या गाड्यांबद्दल लिहिताना ‘मी स्वतः 2015 पासून डॅटसन गो चालवते’ असं एक वाक्य लिहून गेले होते. त्या वाक्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. म्हणून या वेळचा स्तंभ पूर्ण डॅटसनलाच दिला आहे.

प्रश्न : ताई, आमची 2017 ची रेडी-गो आहे, 800 सीसीची. 52 हजार किलोमीटर झाले. रोज शाळेत जायला-यायला मीच चालवते, गाडीची काही तक्रार नाही. पण धाकटे दीर सारखे मागे लागलेत, ‘वहिनी, कंपनीच बंद पडली. उद्या पार्ट मिळणार नाहीत, आत्ताच काढून टाका.’ जुन्या गाड्यांच्या एका एजंटाने सांगितलेला भाव ऐकून पोटात कालवाकालव झाली. काय करू? (एक शिक्षिका, कराड)

उत्तर : विकू नका. निदान ‘कंपनी बंद पडली’ या कारणासाठी तरी नकोच. डॅटसन ही वेगळी कंपनी नव्हतीच, ते निसानचं एक नाव होतं. एप्रिल 2022 मध्ये रेडी-गोचं उत्पादन थांबल्याचं निसानने जाहीर केलं, तेव्हाच सर्व्हिस, पार्ट आणि वॉरंटी चालू राहील हेही सांगितलं. बंद झालं ते नाव.

तुमची रेडी-गो आणि रेनॉची क्विड या एकाच प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणजे खालचा सांगाडा एकच असलेल्या गाड्या. दोघी चेन्नईजवळच्या ओरगडमच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडल्या आणि दोघी त्या काळी 799 सीसीच्या इंजिनात मिळायच्या. क्विड तर गावोगाव दिसते. त्यामुळे इंजिनाच्या बऱ्याचशा सामानाची चिंता करण्यासारखी परिस्थिती नाही. फक्त दुकानात जाऊन गाडीचं नाव सांगायचं नाही, पार्ट नंबर सांगायचा. हे मी स्वतः शिकले ते असं : माझ्या गोचे स्पार्क प्लग बदलायचे होते. दुकानदाराने वर न बघताच सांगितलं, ‘डॅटसन? त्याचं काही येत नाही आता.’ मी जुना प्लग पुसून रुमालात बांधून नेला होता. तो काउंटरवर ठेवला. त्याने चष्मा वर करून त्यावरचे बारीक आकडे वाचले, मागच्या फळीवरून डबी काढली आणि म्हणाला, ‘हा होय? हा तर मायक्राचा.’ गोचं 1.2 लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन निसानच्या मायक्रातूनच आलेलं आहे. तेव्हापासून माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही असते. जो पार्ट बदलला त्याचा नंबर, तारीख आणि किलोमीटर तीत लिहून ठेवते. तुम्हीही आजपासून अशी वही करा.

खरी काळजी बाहेरच्या अंगाची. बंपर, हेडलाइट, टेललाइट, दाराच्या काचा हे डॅटसनचं स्वतःचं सामान, ते दुसऱ्या गाडीचं बसत नाही. म्हणून विमा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याचंच नुकसान भरणारा, ठेवू नका. आणखी एक : प्रीमियम कमी करायला विम्याचे एजंट आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, खाली आणायला सांगतात, ते करू नका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. आयडीव्ही जितका कमी, तितकी एखाद्या मध्यम ठोकरीतही धडधाकट गाडी हातची जायची भीती जास्त.

आणि गाडीच्या त्या पडलेल्या भावाचं म्हणाल तर, जे नुकसान व्हायचं ते एप्रिल 2022 मध्येच होऊन गेलं. आता विकून ते भरून येत नाही. तुमच्याकडे एक आज्ञाधारक, ओळखीची, कर्ज फिटलेली गाडी आहे. दिरांना माझा नमस्कार सांगा आणि पुढच्या सर्व्हिसची तारीख घ्या.

प्रश्न : डॅटसन या शब्दाचा अर्थ काय? बाबा म्हणतात सन म्हणजे सूर्य, आजोबा म्हणतात सन म्हणजे मुलगा. दोघांची पैज लागली आहे. (इयत्ता नववी, नाशिक)

उत्तर : दोघंही बरोबर आहेत, पैजेचे पैसे तू घे! 1911 साली मासुजिरो हाशिमोतो या इंजिनीअरने टोकियोत मोटारींचा कारखाना काढला. त्याला भांडवल देणारे तिघे : देन, आओयामा आणि ताकेउची. तिघांची आद्याक्षरं जोडून 1914 च्या गाडीचं नाव झालं डॅट. जपानीत उधळलेल्या सशालाही जवळपास तसाच शब्द आहे, त्यामुळे नाव शोभूनही दिसलं. पुढे जपान सरकारने 500 सीसीपर्यंतच्या छोट्या गाड्यांना परवान्याची अट काढली आणि 1931 मध्ये डॅटची एक धाकटी गाडी तयार झाली. डॅटचा मुलगा म्हणून ती ‘डॅटसन’, स्पेलिंगमध्ये मुलगावाला सन. इथपर्यंत आजोबा जिंकले. पण जपानीत ‘सोन’ म्हणजे तोटा! व्यापारात तोट्याचं नाव कोण लावून घेईल? म्हणून 1932 मध्ये एक अक्षर बदलून सूर्याचा सन केला. इथे बाबा जिंकले.

प्रश्न : माझे मामा सत्तरच्या दशकात मस्कतला होते. त्यांच्या तोंडी कायम ‘दादसन’ गाडी असायची. वाळूत, डोंगरात, पाण्याची पिंपं लादून चालवली, कधी दगा दिला नाही म्हणायचे. 2014 मध्ये आपल्याकडे डॅटसन आली तेव्हा त्या ओढीने मी शोरूममध्ये गेलो आणि दार उघडबंद करूनच परत आलो. मामांची दादसन ती हीच का? आणि मधली तीस वर्षं हे नाव होतं कुठे? (निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी)

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. कोकणातल्या कितीतरी घरांत डॅटसन हा शब्द आखातातल्या माणसाबरोबर आला. ती पिकअप तिकडे इतकी रुळली होती की अरबी बोलीत तिचं नावच दादसन पडलं. मामांनी जे सांगितलं ते अगदी खरं.

ही पत त्या नावाने फार कष्टाने मिळवली होती. 1958 मध्ये अख्ख्या ऑस्ट्रेलियाला वळसा घालणाऱ्या मोबिलगॅस रॅलीत डॅटसनच्या दोन छोट्या गाड्या उतरल्या, एक लिटरच्या आतल्या इंजिनाच्या. नावं ‘फुजी’ आणि ‘साकुरा’. सोळा हजार किलोमीटरच्या आसपास रस्ता, त्यातला बराचसा धुळीचा नि दगडांचा. फुजी आपल्या गटात पहिली आली. त्या चमूचे प्रमुख युताका कातायामा नंतर अमेरिकेत डॅटसन विकायला गेले. तिथे 1960 च्या दशकाअखेर डॅटसन 510 आली, 2,000 डॉलरच्या आत. तेवढ्या पैशात चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पुढे डिस्क ब्रेक, ओव्हरहेड कॅमचं इंजिन. दुप्पट किमतीच्या युरोपी गाड्यांत मिळणाऱ्या गोष्टी. 1971 आणि 1972 अशी दोन वर्षं तिने अमेरिकेत छोट्या गाड्यांची ट्रान्स-ॲम शर्यत जिंकली. 

आणि आपल्या माणसाचं नाव सांगायलाच हवं : शेखर मेहता. युगांडात जन्मलेले, भारतीय वंशाचे, केनियाकडून उतरणारे. पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली म्हणजे गाड्यांचा हाडवैरी, चिखल आणि खड्ड्यांची. मेहतांनी ती पाच वेळा जिंकली, 1973 मध्ये आणि मग 1979 पासून सलग चार वर्षं. पाचही वेळा गाडी डॅटसन-निसानचीच. 1973 ला तर ते आणि संघातलाच दुसरा चालक यांचे दंडाचे गुण सारखे झाले होते आणि निकाल मेहतांच्या बाजूने लागला. तुमचे मामा मस्कतच्या वाळूत होते त्याच काळात समुद्रापलीकडे हे चाललं होतं.

मग 1981 मध्ये निसानने ठरवलं की जगभर एकच नाव, निसान. पुढच्या चार-पाच वर्षांत डॅटसनच्या पाट्या उतरल्या. 2012 च्या मार्चमध्ये निसानचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांनी जकार्तात हे नाव परत आणत असल्याचं जाहीर केलं, भारत, इंडोनेशिया, रशिया अशा देशांतल्या पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांसाठी. जुलै 2013 मध्ये दिल्लीत ‘गो’ या गाडीवरचा पडदा निघाला आणि मार्च 2014 मध्ये ती 3 लाख 12 हजारांपासून पुढे विकायला आली.

म्हणजे नाव तेच, घर तेच. पण तुम्ही दार उघडबंद करून परत आलात, त्यात तुमचं काही चुकलं नाही. 510 स्वस्त होती ती जास्त देऊन. ही स्वस्त केली ती काढून घेऊन. पहिल्या गोमध्ये सामानाच्या कप्प्याला झाकण नव्हतं, म्युझिक सिस्टिमऐवजी मोबाइल ठेवायची खाच होती, मागच्या दारांच्या काचा हाताने फिरवायच्या. हे सगळं मी आनंदाने चालवून घेतलं. एकच वायपर आहे, तर पावसाळ्याच्या आधी एकच रबर बदलते आणि आंबोलीच्या पावसातही काच स्वच्छ दिसायची. गिअर नि हँडब्रेक डॅशबोर्डला असल्यामुळे पुढच्या दोन सीट मध्ये जोडलेल्या आहेत. त्या जोडावर माझ्या सासूबाईंची काठी आणि औषधांची पिशवी आडवी बसायची, ती जागा त्यांना घरच्या कोनाड्यासारखी वाटायची. इंजिन तर असं की घाटात दुसऱ्या गिअरवर विनातक्रार चढायचं. जे काढायला नको होतं ते काढलं, त्याबद्दल पुढच्या पत्रात.

प्रश्न : मुलाला नोकरी लागली, पुणे-सातारा ये-जा करायला दीड लाखात 2015 ची गो मिळते आहे. एकाच हातची, सर्व्हिस रेकॉर्ड आहे. तुम्ही स्वतः तीच चालवता म्हणून विचारतो, घेऊ ना? (एक वडील, सातारा)

उत्तर : नका घेऊ. हे लिहिताना मला जड जातंय, कारण तीच गाडी माझ्या दारात आहे आणि माझी तिच्यावर माया आहे.

नोव्हेंबर 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने गोची टक्कर-चाचणी घेतली, ताशी 64 किलोमीटरवर. मोठ्या माणसांच्या सुरक्षेला शून्य तारे मिळाले. त्यात एअरबॅग नव्हतीच, पण त्यांनी जे पुढे म्हटलं ते जास्त गंभीर : सांगाडाच इतका कमकुवत ठरला की नुसती एअरबॅग बसवून भागणार नाही. ही गाडी बाजारातून मागे घ्या, असं पत्र त्या संस्थेच्या अध्यक्षांनी निसानला लिहिलं. मी गाडी घेतली 2015 मध्ये, म्हणजे ही बातमी येऊन गेल्यावर. वाचली होती. ‘आपल्याला कुठे ताशी शंभरने जायचंय’ असं म्हणून बाजूला ठेवली. चाचणी ताशी 64 वरची होती याचा मी त्या दिवशी विचारच केला नाही. तेवढा वेग मी रोज गाठत होते.

म्हणून माझी गो आता गावातच फिरते. हायवेला ती नेणं मी पूर्ण बंद केलं आहे, मागे बसलेल्यानेही पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. तुमचा मुलगा रोज खंबाटकी घाट ओलांडणार, शेजारून ट्रक जाणार. तिथे ही गाडी नको. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या घराचे पैसे कमी असतात म्हणून त्याच्या मुलाच्या छातीची किंमत कमी धरायची, हा हिशेब मला तेव्हाही पटायला नको होता, आजही पटत नाही.

गोच घ्यायची असेल तर ऑक्टोबर 2018 नंतरची बघा. त्या वेळी आलेल्या नव्या रूपात दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिले गेले. तरी रोजच्या हायवेसाठी थोडे पैसे साठवून, चाचणीत बरे तारे मिळालेली दुसरी जुनी गाडी घ्यावी असंच मी सांगेन. कोणतीही घेतलीत तरी आरसी बुकावर बँकेचा बोजा उतरलेला आहे का ते बघा, गाडी थंड असताना सुरू करून बघा आणि पुढच्या दारांच्या तळाला, रबराच्या मागे, बोट फिरवून गंज तपासा.

प्रश्न : माझ्या गो प्लसचा मागचा डॅटसनचा लोगो काढून निसानचा लावला तर विकताना भाव बरा येईल का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : येणार नाही. घेणारा आरसी बघतो, आणि लोगो बदललेला दिसला की आणखी काय बदललंय ते शोधत बसतो. तुम्हाला तो लोगो सैल झाल्यामुळे काढायचा असेल तर मात्र पेचकसाने उचकटू नका, रंग निघतो. हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं गरम करा, मागून जाड दोरा घालून करवतीसारखा हळूहळू ओढा, उरलेला गोंद रॉकेलच्या बोळ्याने पुसा आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. मग नवीन डबल टेप लावून तोच लोगो परत बसवा. माझ्या गाडीचा मी गेल्या दिवाळीत असाच बसवला आहे.